बिनस्क्रूची बैठक : संगणकाच्या पेटीतील डिस्क-जोडणीचा इतिहास

संगणकाच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले आहे, त्यात गणनशक्तीची वाढ, यंत्रभाषांचा विकास आणि साठवण-क्षमतेचा विस्तार या तीन विषयांस अग्रस्थान मिळाले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. ज्या डिस्कवर ही साठवण होते ती संगणकाच्या पेटीत कोणत्या रीतीने बसविली जाते, हा प्रश्न मात्र इतिहासकाराने सुताराचा अथवा मिस्त्रीचा प्रश्न मानून बाजूला सारला आहे. प्रस्तुत निबंधात याच उपेक्षित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. चार स्क्रूंनी आवळलेली डिस्क, पट्टीवरून सरकवून खिटीने अडकविलेली डिस्क, आणि केवळ आपल्या भारावर उभी ठेवलेली डिस्क, या तीन अवस्थांमधील प्रवास वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि यंत्र कोणी उघडावे, ते कोणाच्या कसबाने चालावे आणि त्याचा मोडका भाग कोणाकडून घ्यावा, या प्रश्नांची उत्तरे त्या प्रवासात दडलेली आहेत.

या विषयासंबंधी एक समज रूढ आहे. स्क्रूचा लोप हा ग्राहकाच्या सोयीसाठी झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उत्पादकांच्या जाहिरातींनीही हाच समज दृढ केला. उपलब्ध पुराव्याचा क्रम लावून पाहिला, तर हे मत अपुरे असल्याचे दिसून येते. स्क्रू प्रथम गेला तो कारखान्यातील मजुरीच्या हिशेबामुळे, पुढे गेला तो न थांबता चालणाऱ्या यंत्राच्या गरजेमुळे, आणि ग्राहकाची सोय ही या दोहोंच्या मागोमाग आली. शिवाय स्क्रू जाताना त्याच्याबरोबर आणखीही काही गेले. ते काय, हे या निबंधाच्या उत्तरार्धात पाहू.

१. खणापूर्वीचा काळ

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक ३०५ हे यंत्र जाहीर केले. त्याच्या ३५० क्रमांकाच्या साठवण-विभागात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्यांवर पन्नास लक्ष अक्षरे मावत, आणि त्या विभागाचे वजन सुमारे एक टन भरे. येथे डिस्क पेटीत बसविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डिस्क हीच एक स्वतंत्र पेटी होती आणि ती जमिनीवर उभी होती.

प्रश्न उद्भवला तो १९६२ साली. त्या वर्षी आलेल्या आयबीएम १३११ या यंत्रात सहा तबकड्यांचा संच यंत्रापासून वेगळा काढता येऊ लागला. सुमारे दहा पौंड वजनाचा हा संच चालक हाताने उचलून यंत्राच्या आसावर ठेवी आणि झाकणाची मूठ फिरवून जागी बसवी. बैठकीत हत्याराची जरुरी नव्हती. फिरविण्याची क्रिया मात्र होती. बिनहत्यारी बैठक ही अलीकडची कल्पना नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. ज्या काळी डिस्क ही ग्रंथालयातील ग्रंथाप्रमाणे काढावयाची व लावावयाची वस्तू होती, त्या काळी तिची बैठक हातानेच सुटणारी असणे अपरिहार्य होते.

१९७३ सालच्या विंचेस्टर पद्धतीच्या ३३४० यंत्राने या स्थितीत पालट घडविण्यास आरंभ केला. त्यात वाचन-लेखनाची शीर्षे व तबकड्या एकाच बंदिस्त कोषात घालण्यात आल्या. तो कोष सुरुवातीस काढता येण्याजोगा होता. परंतु एकदा कोष बंदिस्त झाल्यावर तो रोज काढण्याचे कारण उरले नाही, आणि पुढील यंत्रांत डिस्क कायमची बसविण्यात येऊ लागली. जी वस्तू काढावयाचीच नाही, तिला स्क्रूने आवळण्यात कोणासच गैर वाटले नाही. लहान संगणकाच्या पेटीत जी स्क्रूची परंपरा आली, तिचे मूळ या कायमपणाच्या गृहीतात आहे.

२. खण आणि पट्टी

१९७६ साली शुगार्ट असोसिएट्सने एसए-४०० हे सव्वापाच इंची फ्लॉपी-यंत्र बाजारात आणले. त्याची रुंदी पावणेसहा इंच, उंची सव्वातीन इंच आणि खोली आठ इंच होती. १९८० साली शुगार्ट टेक्नॉलॉजीने, म्हणजेच पुढील सीगेट कंपनीने, एसटी-५०६ ही पाच मेगाबाइटची बंदिस्त डिस्क तयार केली, तेव्हा तिचा आकार हेतुपुरस्सर या फ्लॉपी-यंत्राइतकाच ठेवला. कारण उघड होते. फ्लॉपी-यंत्रासाठी पेट्यांत जो खण आधीच होता, त्यातच डिस्क शिरावी, म्हणजे पेटी बदलावी लागणार नाही. डिस्कच्या आकाराचा इतिहास हा अशा रीतीने खणाच्या आकाराचा इतिहास बनला.

ऑगस्ट १९८१ मधील आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकात असे दोन खण होते. मार्च १९८३ मधील एक्स-टी या त्याच्या पुढील आवृत्तीत दहा मेगाबाइटची डिस्क आली. या दोन्ही यंत्रांत बैठक स्क्रूचीच होती. पहिला लक्षणीय फरक आढळतो तो १९८४ सालच्या ए-टी या यंत्रात. त्यात डिस्कच्या दोन्ही बाजूंस पट्ट्या लावीत, त्या पट्ट्यांवर डिस्क खणात सरकवीत, आणि पुढील बाजूस लहानशा धातूच्या चापांनी ती अडकवीत. पट्ट्या डिस्कला स्क्रूनेच लावल्या जात आणि चापही स्क्रूनेच बसत, म्हणून या पद्धतीस बिनस्क्रूची म्हणता येणार नाही. परंतु एक तात्त्विक बदल येथे घडला होता. डिस्कचा भार पेलणे व तिची दिशा राखणे हे काम पट्टीकडे आले, आणि स्क्रूकडे केवळ तिला मागेपुढे सरकू न देण्याचे काम उरले. स्क्रूची दोन कामे प्रथमच वेगळी झाली. एकदा ती वेगळी झाल्यावर त्यांपैकी दुसरे काम एखाद्या खिटीकडे सोपविणे हे फारसे कठीण नव्हते.

पुढे अनेक उत्पादकांनी डिस्कच्या बाजूंच्या छिद्रांत केवळ डोक्याचे स्क्रू लावून ते खणाच्या खाचेतून सरकविण्याची योजना केली. येथे स्क्रू शिल्लक आहे, पण तो आवळण्याचे काम करीत नाही. तो खुंटी बनला आहे. ‘बिनस्क्रूची’ हे विशेषण वापरताना अभ्यासकाने हा भेद ध्यानी ठेवावा, कारण पेटीशी असलेली जोडणी बिनस्क्रूची असून डिस्कवर मात्र चार स्क्रू आहेत, असा प्रकार या इतिहासात वारंवार आढळतो. २००६ सालच्या ॲपलच्या मॅक प्रो यंत्रातील चार तबके हे त्याचे ठळक उदाहरण होय. तबक हाताने ओढून काढता येई आणि तारही जोडावी लागत नसे. परंतु तबकावर डिस्क चार स्क्रूंनीच बसविलेली असे.

३. कारखान्याचा हिशेब

स्क्रूविरुद्धचा पहिला पद्धतशीर युक्तिवाद संगणकशास्त्रात नव्हे, तर उत्पादन-अभियांत्रिकीत मांडला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी १९८० च्या सुमारास जुळणीसुलभ रचनेचे शास्त्र उभे केले. त्यांची कसोटी तीन प्रश्नांची होती. एखादा भाग इतर भागांच्या सापेक्ष हलतो काय? तो वेगळ्याच पदार्थाचा असणे आवश्यक आहे काय? इतर भागांची जुळणी अथवा उकल करण्यासाठी तो सुटा असणे अनिवार्य आहे काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो भाग तत्त्वतः अनावश्यक होय. या कसोटीवर स्क्रू जवळजवळ नेहमीच नापास होतो. त्याची खरेदी-किंमत अल्प असते. परंतु तो उचलणे, रोखणे, आट्यांत धरणे आणि फिरविणे यांत जो वेळ जातो, त्याची किंमत पुष्कळ असते. १९९१ साली या दोघा संशोधकांस अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले.

आयबीएमचे १९८५ सालचे प्रोप्रिंटर हे मुद्रणयंत्र या विचाराचे प्रसिद्ध फलित होय. यंत्रमानवांकडून जुळणी व्हावी म्हणून त्यात स्क्रू टाळून भाग एकमेकांत अडकविण्याची योजना होती. आणि यंत्रमानवास जे सोपे ते माणसासही सोपे, असा अनुभव आला. दोन वर्षांनी, एप्रिल १९८७ मध्ये, त्याच कंपनीने पी-एस/२ ही संगणक-माला आणली. तिच्यातील काही यंत्रांचे झाकण बोटांनी फिरविण्याच्या स्क्रूंनी उघडे, आणि आतील बरेच भाग हत्याराविना निघत. ॲपलच्या १९८९ सालच्या मॅकिंटॉश टू-सीएक्स या यंत्रातही भाग एकमेकांत अडकवून बसविण्याची हीच दृष्टी आढळते.

या यंत्रांचा क्रम पाहता ग्राहकाच्या सोयीचा मुद्दा दुय्यम ठरतो. ज्या ग्राहकाने आयुष्यात एकदाही पेटी उघडली नाही, त्याच्या यंत्रातही खिटीच होती. कारण ती खिटी त्याच्यासाठी नसून जुळणी करणाऱ्या हातांसाठी होती. अर्थात जुळणी सुलभ झाली म्हणजे उकलही सुलभ झाली, आणि त्याचा लाभ पुढे दुरुस्ती करणाऱ्यासही मिळाला. २००३ साली प्रसृत झालेल्या युरोपीय संघाच्या विद्युत्-कचऱ्यासंबंधीच्या निर्देशाने रचनेतील उकल-सुलभतेस उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा कारखान्याने आपल्या काटकसरीसाठी जे केले होते, त्यास सार्वजनिक हिताचे समर्थन लाभले.

४. न थांबणारे यंत्र

स्क्रूच्या लोपाचे दुसरे कारण मोठ्या यंत्रांच्या जगातील आहे. १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा समूह वापरावा आणि माहितीची पुनरावृत्ती अशा रीतीने करावी की एक डिस्क निकामी झाली तरी माहिती टिकावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या निबंधाचा गणिती भाग सर्वज्ञात आहे. त्यातून निघणारा यांत्रिक निष्कर्ष मात्र क्वचितच नोंदविला जातो. समूहात डिस्कांची संख्या वाढली की कोणती तरी डिस्क निकामी होणे ही नित्याची घटना ठरते. आणि नित्याच्या घटनेसाठी यंत्र बंद करून चार स्क्रू काढीत बसणे परवडत नाही. १९७३ नंतर दृढ झालेले कायमपणाचे गृहीत येथे मोडले. डिस्क ही पुन्हा एकदा काढावयाची व लावावयाची वस्तू झाली.

तथापि केवळ खिटी लावल्याने हे साधणारे नव्हते. जुन्या डिस्कला रुंद पट्टीसारखी तार हाताने जोडावी लागे, आणि तिच्या नाजूक टाचण्या वाकण्याचे भय असे. डिस्क सरकविताच तिचा विद्युत्-जोड आपोआप जुळावा, म्हणजे न पाहता जुळावा, ही अट पूर्ण होणे आवश्यक होते. १९९० नंतरच्या दशकात ऐंशी टाचण्यांच्या एकसंध जोडाने स्कझी डिस्कांसाठी, आणि जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साटा मानकाने सामान्य डिस्कांसाठी ही अट पूर्ण केली. आता जोडाचे स्थान हेही एक नियत माप झाले. मूठ असलेली तबके, ती दाबताच बसणारी खिटी, आणि चालू यंत्रातून कोणता भाग ओढता येईल हे सांगणारे रंग ही सारी व्यवस्था याच काळात रूढ झाली. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत हात लावण्याच्या जागा निळ्या, आणि यंत्र चालू असताना काढता येणारे भाग नारिंगी असत. हत्यारासाठी लागणाऱ्या कसबाची जागा येथे रंग ओळखण्याने घेतली, हे नोंदविण्यासारखे आहे.

या मार्गाचे टोक पुढील काही वर्षांत दिसते. २००६ सालच्या सन कंपनीच्या एक्स-४५०० या यंत्रात चार मात्रा उंचीच्या पेटीत अठ्ठेचाळीस डिस्का वरून उभ्या घालीत. २००९ साली बॅकब्लेझ या कंपनीने आपल्या साठवण-पेटीचा आराखडा सर्वांसाठी खुला केला; तीत पंचेचाळीस डिस्का उभ्या असत आणि जोडावर आपल्याच भाराने टेकत.

५. कंपनाचा आक्षेप

येथवरच्या विवेचनावरून स्क्रूचा पराभव एकतर्फी होता असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. स्क्रूच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद होता आणि तो आजही आहे. डिस्कच्या तबकड्या फिरतात. फिरणारी वस्तू कंप पावते. आणि शीर्षास आपल्या रेषेवर स्थिर राहावयाचे असते. रॅमॅकच्या तबकडीवर एका इंचात वीस रेषा होत्या. आजच्या डिस्कवर त्याच एका इंचात काही लक्ष रेषा असतात. रेषा जसजशा दाटल्या, तसतसा सैल बैठकीचा दोष अधिक घातक ठरू लागला. २००८ च्या अखेरीस सन कंपनीतील अभियंता ब्रेंडन ग्रेग याने चालू डिस्कांच्या मांडणीसमोर मोठ्याने ओरडून त्यांचा प्रतिसाद मंदावतो हे मोजमापासह दाखविले. नुसत्या आवाजाने जर एवढा फरक पडतो, तर शेजारच्या डिस्कचे कंपन सैल खिटीतून पोचल्यास काय होईल, याची कल्पना करता येते.

उलट दिशेचाही एक आक्षेप होता. घट्ट आवळलेली डिस्क आपले कंपन पेटीस देते आणि पेटी गुणगुणू लागते. घरी वापरावयाच्या संगणकात हा आवाज त्रासदायक होई. त्यावर रबरी कड्यांचा उपाय निघाला; २००३ सालच्या अँटेक सोनाटा या पेटीतील तबकांत डिस्क अशा मऊ कड्यांवर बसविलेली होती. मात्र त्या कड्यांतून डिस्क धरण्यासाठी लांब मानेचे खास स्क्रू लागत. शांततेसाठी स्क्रू परत आला. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, स्क्रूचे जाणे हे सरळ रेषेतील प्रगतीचे उदाहरण नसून, मजुरी, अदलाबदल, स्थैर्य आणि शांतता या चार परस्परविरोधी मागण्यांमधील तडजोडीचे उदाहरण आहे.

६. छिद्राचे सार्वजनिकत्व

आता प्रारंभी सूचित केलेल्या प्रश्नाकडे वळू. स्क्रूबरोबर काय गेले?

डिस्कच्या अंगावरील छिद्रे ही या साऱ्या इतिहासातील सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे. साडेतीन इंची म्हणविल्या जाणाऱ्या डिस्कची रुंदी १०१.६ मिलिमीटर, तिच्या बाजूच्या टोकांकडील दोन छिद्रांमधील अंतरही तितकेच, आणि त्यांतील आटे इंची मापाचे, म्हणजे सहा क्रमांकाचे व इंचास बत्तीस. हे माप १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी मान्य केलेल्या एकीकृत आट्यांच्या पद्धतीतील आहे. फ्लॉपी-यंत्रांत व अडीच इंची डिस्कांत मात्र तीन मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू रूढ झाला. एकाच पेटीत दोन मापपद्धती नांदल्या, आणि चुकीचा स्क्रू बळाने फिरविल्याने किती आटे बिघडले असतील, याची गणती करणे अशक्य आहे. तरीही हे स्क्रू कोणत्याही दुकानात मिळत आणि कोणत्याही कंपनीच्या पेटीत चालत. ऑगस्ट १९९० मध्ये स्थापन झालेल्या एसएफएफ समितीने डिस्कची ही मापे लेखी केली आणि सर्वांस उपलब्ध करून दिली. स्क्रू हा या अर्थाने सार्वजनिक होता.

खिटीचे तसे झाले नाही. डिस्कवरील छिद्राचे मानक होते, परंतु त्या छिद्रात शिरणाऱ्या खुंटीचे, पट्टीचे वा तबकाचे मानक कधीच झाले नाही. प्रत्येक उत्पादकाने आपापली घडण केली, आणि बहुधा दर काही वर्षांनी ती बदललीही. परिणामी एका कंपनीचे तबक दुसऱ्या कंपनीच्या खणात बसत नाही. पट्टी हरवली, खिटीचा प्लॅस्टिकचा दात मोडला, किंवा रिकाम्या खणासाठी तबक दिलेच गेले नाही, तर मालकास मूळ विक्रेत्याकडे जावे लागते. आणि त्या विक्रेत्याने ते बनविणे बंद केले असेल, तर सुस्थितीतील पेटी निरुपयोगी होते. सोय वाढली, पण ती सोय उत्पादकाच्या हाती राहिली. स्क्रूच्या काळी हत्यार लागे. खिटीच्या काळी परवानगी लागते, असे म्हटल्यास ते अगदीच अतिशयोक्त ठरणार नाही.

या परावलंबनाची कसोटी लागली ती गेल्या दशकात. क्षमता वाढविण्यासाठी एकाच जाडीच्या डिस्कमध्ये अधिक तबकड्या घालाव्या लागल्या आणि आतील जागा अपुरी पडू लागली. सहा टेराबाइट व त्यापुढील अनेक डिस्कांमध्ये बाजूचे मधले छिद्र त्यामुळे नाहीसे झाले, आणि तळाच्या छिद्रांमधील ४४.४५ मिलिमीटरचे जुने अंतर ७६.२ मिलिमीटर झाले. हा पर्याय मानकात नोंदलेला होता. मानकाचा भंग झाला नव्हता. परंतु ज्या तबकांच्या खुंट्या नेमक्या जुन्या छिद्रांच्या जागी घडविलेल्या होत्या, त्यांत नवी डिस्क नीट बसेना. स्क्रू असता तर दुसरे छिद्र पाडून अथवा लांबट खाच कोरून काम भागले असते, आणि साध्या पत्र्याच्या खणात लोकांनी तसे केलेही. साच्यात ओतलेल्या खुंटीस ही मुभा नसते. ती ज्या मापासाठी जन्मली, त्या मापाशीच बांधलेली राहते. बिनस्क्रूची बैठक स्क्रूच्या छिद्रावरच अवलंबून होती, हे सत्य छिद्र हलल्यावरच सर्वांच्या ध्यानी आले.

७. उपसंहार

फिरत्या तबकड्यांची जागा घन साठवणीने घेतली, तेव्हा कंपनाचा प्रश्न मिटला आणि बैठकीचे कोडे सुटावे अशी अपेक्षा होती. घडले ते वेगळे. २०१३ च्या सुमारास रूढ होऊ लागलेल्या एम-टू या बावीस मिलिमीटर रुंदीच्या पट्टीस मागील टोकाशी एक अतिशय लहान स्क्रू लागतो. पूर्वीच्या चार स्क्रूंपेक्षा तो हाताळण्यास कठीण आणि हरविण्यास सोपा आहे. त्याच्या जागी फिरती खिटी बसविण्याचे प्रयत्न २०२० नंतर मुख्य फलकांचे उत्पादक करू लागले, आणि त्या खिट्याही पुन्हा ज्याच्या त्याच्या घडणीच्या आहेत. पूर्वीचे वर्तुळ लहान मापावर पुन्हा सुरू झाले आहे.

या विवेचनातून अभ्यासकास दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली पद्धतीविषयीची आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या यादीवरून लिहिला, तर खिटीस स्क्रूचा उत्तराधिकारी ठरवून मोकळे होता येते. तोच इतिहास मापांवरून व मानकांवरून लिहिला, तर स्क्रू गेल्यावरही त्याचे छिद्र राहते आणि तेच पुढील रचनेस बांधून ठेवते, हे दिसून येते. दुसरी गोष्ट व्यवहाराविषयीची आहे. भारतात २०१२ पासून विद्युत्-कचऱ्याचे नियम अमलात आले असून, जुन्या यंत्रांचे आयुष्य वाढविणे हा आता केवळ काटकसरीचा प्रश्न राहिलेला नाही. अशा वेळी एखादी बैठक हत्याराविना सुटते की नाही, एवढेच विचारणे पुरेसे नाही. तिचा मोडलेला भाग मूळ विक्रेत्याविना मिळतो काय, हेही विचारले पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मिळविण्यास सुमारे अर्धशतक लागले. दुसऱ्या प्रश्नास साठच्या दशकातील संचाच्या मुठीपासून आजच्या खिटीपर्यंत कोणत्याच रचनेने पूर्ण होकार दिलेला नाही. तो होकार दिला होता फक्त त्या चार स्क्रूंनी.